कोनमापक

आमच्या घरात सध्या भूमिती चालू आहे. दहावीनंतर मी गणिताला रामराम ठोकला होता. पण रोज सकाळी जुनी कंपासपेटी उघडते आणि अण्णांच्या गुडघ्याला कोनमापक लावते. पेटी त्यांनीच पाचवीत घेऊन दिलेली.

अण्णा भाईंदरला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करतात. गेल्या जुलैत काशीमिऱ्याला एका टेम्पोने त्यांची सायकल उडवली. उजवी मांडी आणि डावे मनगट, दोन्ही मोडली. मांडीत सळई बसवली. मनगटामुळे कुबडी धरता येईना, म्हणून कित्येक आठवडे खाटेवरच. घरी पाठवताना व्यायाम सांगितले होते. पण त्यांना दुखते म्हणून आम्हीच पाय हलू दिला नाही. गुडघ्याखाली उशी देऊन ठेवली. हाड सांधले, गुडघा मात्र आखडला. हा आमच्या मायेचा पराक्रम!

फिजिओथेरपीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारले, "काका, तुम्हांला काय काय करता यायला हवं?" अण्णा माझ्याकडे पाहून गप्प राहिले. मी बाहेर गेल्यावर म्हणे बोलले. आमच्या चाळीतला संडास सामायिक, उकिडवे बसण्याचा. खुर्चीवर बसायला ९० अंश पुरतात, उकिडवे बसायला १२०च्या वर लागतात. त्या दिवशी भरले ४५.

भारतातली या विद्येची पहिली शाळा मुंबईत केईएमला १९५३ साली निघाली. आमच्या गल्लीत अजून तिला 'मालीश' म्हणतात! मालीश कसले? टाच गादीवरून हळूहळू मागे ओढायची. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याने दाबून पाच आकडे धरायचे, मग सोडायचे. बाईंकडे रोज जाणे परवडेना. आई कामाला लागली, म्हणून हे माझ्याकडे आले. जोर मी करायचा नाही, अशी ताकीद आहे. टाचेला आधार द्यायचा आणि मोजायचे.

ज्यांच्यापुढे कधी मान वर केली नाही, त्यांना "अजून थोडं, अण्णा" म्हणायचे! एकदा ते कळवळून ओरडले, "जीव घेतेस का माझा?" मी मोरीत जाऊन रडले. थोड्या वेळाने हाक आली, "ये गं, किती झाले बघ."

परवा भाईंदर स्टेशनचा पूल चढलो. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा, असे अण्णा पुटपुटत होते. मागची गर्दी खोळंबली. मी मुळीच बाजूला झाले नाही.

काल ११२ भरले. अण्णांनी कोनमापक माझ्या हातातून घेतला, उजेडात धरला.

"अजून आठ तरी," म्हणाले.