बिनगळाची गरी

मुलांनो, गळ न लावता मासेमारी करता येईल का? "छे! गळ नसेल तर मासा अडकणार कसा?" असं तुम्ही म्हणाल. माशाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण खेकड्यासाठी गळ लागतच नाही! एक काठी, एक दोरी आणि दोरीच्या टोकाला बांधलेलं माशाचं डोकं. झालं! खेकड्याला काही टोचत नाही, की तो कशात अडकत नाही. तो आपणहून दोरीला लटकून वर येतो. मनात आणलं तर कुठल्याही क्षणी सोडून पळून जाऊ शकतो. पण बहुतेक वेळा सोडत नाही! कोकणात गळाने मासे धरण्याला 'गरवणं' म्हणतात आणि गळाला म्हणतात 'गरी'. तर ही बिनगळाची गरी बघायला चला रत्नागिरीला.

रत्नागिरीला पोचणं आता सोपं झालंय. एस.टी. पूर्वीपासून आहेच, शिवाय १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावते आहे. गावात बघण्यासारखं पुष्कळ. लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान आहे. इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इथे आणून ठेवलं होतं, त्याच्यासाठी १९१० साली बांधलेला राजवाडा आहे. तीन बाजूंनी समुद्र असलेला रत्नदुर्ग किल्ला आहे. किल्ल्याच्या एका अंगाला 'पांढरा समुद्र' आणि दुसऱ्या अंगाला, मांडवीला, 'काळा समुद्र'! पाणी मात्र दोन्हीकडे सारखंच बरं का. पांढरी नि काळी आहे ती वाळू. मांडवीच्या वाळूत इल्मेनाइट नावाच्या खनिजाचे काळे कण आहेत, म्हणून ती काळी दिसते.

पण आपल्याला वाळू नको, कातळ हवा. म्हणून आपण भाट्याला जाऊ. काजळी नदी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या खाडीवरचा पूल ओलांडला की भाट्ये आलं. डाव्या हाताला नारळ संशोधन केंद्राची बाग, उजव्या हाताला सुरूची झाडं आणि त्यापलीकडे लांबच लांब किनारा. सरळ दक्षिणेकडे चालत सुटायचं. पायांखाली बघत चला हं! ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची सुंदर रांगोळी दिसेल. ती काढली आहे बोटाच्या पेराहूनही लहान खेकड्यांनी. ते वाळू तोंडात घेतात, तिच्यातलं खाणं तेवढं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला ठेवतात. आपली चाहूल लागली की क्षणात बिळात गडप!

किनारा संपतो तिथे डोंगराच्या पायथ्याशी झरी विनायकाचं देऊळ आहे. इथून पुढे खडक सुरू होतो. कोकणचा खडक मुळात लाव्हारसातून तयार झालेला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा कातळ. त्याच्यावर ठिकठिकाणी तांबडा, भोकाभोकांचा जांभा. लाटांनी खडकात भेगा पाडल्या, कपारी कोरल्या, खळगे केले. ओहोटीला या खळग्यांत पाणी साचून राहतं. त्यात वाकून बघा. शंखात घर करून राहणारा खेकडा दिसेल. फुलासारखा दिसणारा पण बोट लावताच मिटणारा प्राणी दिसेल. खडकाला घट्ट चिकटलेली कालवं तर सगळीकडेच! ओहोटीच्या वेळी खडकावर बसून ठकठक करत कालवं फोडणाऱ्या बायका कोकणच्या किनाऱ्यावर दिसतात. आपल्याला ती गंमत वाटते, पण त्यांच्या घरची त्या दिवसाची आमटी किंवा बाजारातले चार पैसे त्या कालवांतून येतात. म्हणून त्यांच्या वाटेत लुडबूड करायची नाही.

खेकड्याला रत्नागिरीकडे 'कुर्ली' म्हणतात आणि मुंबईकडे 'चिंबोरी'. तिला धरायचे प्रकार अनेक. कुणी बिळात लोखंडी आकडी घालून ओढतात, कुणी कडीला बांधलेलं जाळं खाली सोडतात. पण मुलांसाठी सगळ्यात छान प्रकार काठी-दोरीचा. हा प्रकार मला शिकवला भाट्यातल्या एका आजोबांनी. गावातली सगळी मुलं त्यांना आबा म्हणतात, म्हणून मीही आबाच म्हणतो. त्यांच्याकडे चिव्याची, म्हणजे बारीक बांबूची, दोन पुरुष उंचीची काठी होती. टोकाला तंगूस, म्हणजे नायलॉनची चिवट दोरी. तिला एक गंजका नट वजनासाठी बांधलेला आणि त्याच्याखाली सुतळीने चांगलं गुंडाळलेलं बांगड्याचं डोकं. सोबतीला लांब दांड्याचं हातजाळं.

"आबा, कधी जायचं?" असं विचारलं की आबा आधी कालनिर्णय उघडतात. तुम्हाला वाटेल, खेकड्यांचा आणि पंचांगाचा काय संबंध? तर ऐका. भरती-ओहोटी होते ती मुख्यतः चंद्राच्या ओढीने आणि तिथीही चंद्रावरूनच ठरते. म्हणून कोकणात एक सोपं गणित आहे: तिथीची पाऊणपट करा, की भरतीची वेळ मिळते! समजा, आज दशमी आहे. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला पूर्ण भरती. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे दुपारी पावणेदोनच्या आसपास. पक्ष शुद्ध असो की वद्य, गणित तेच. अमावास्या मात्र पंधरावी तिथी धरायची. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, कारण भरती रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते आणि पाऊणपट धरली की हिशेब पंचेचाळीस मिनिटांचाच होतो. पण हे गणित झकास आहे की नाही?

खेकड्यांसाठी चांगली वेळ कोणती? ओहोटी संपून पाणी पुन्हा चढायला लागतं ती. पाणी कपारींत शिरतं, तसे आत दडून बसलेले खेकडे खाणं शोधायला बाहेर पडतात. हे लक्षात ठेवा, कारण याच वेळेत एक धोकाही आहे. तो पुढे सांगतो.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आबा, त्यांचा सातवीतला नातू आणि मी असे तिघे खडकावर गेलो होतो. नातवाने माशाचं डोकं अलगद पाण्यात सोडलं. मग नुसतं बसायचं. बोलायचं नाही, सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. खेकड्याच्या डोळ्यांजवळ बारीक मिशा असतात, त्यांनी त्याला पाण्यातला वास कळतो. गंमत म्हणजे पायांच्या टोकांनीही त्याला चव समजते! पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग दोरी जराशी थरथरली. कुणीतरी खाली हळूच ओढत होतं.

नातवाचा हात शिवशिवायला लागला. आबा कुजबुजले, "हिसका मारू नको. हळू... हळू घे."

इथेच सगळी मेख आहे. मासा धरताना झटका द्यावा लागतो, पण खेकड्याला झटका दिलात की खेळ खलास. दोरी इंच इंच वर घ्यायची. खेकडा खाण्याला नांगीने घट्ट धरून असतो. पाण्यात असतो तोवर पाणी त्याचं बहुतेक वजन पेलतं. शाळेत आर्किमिडीजचा सिद्धांत शिकता ना, तोच हा! पण तो पाण्याबाहेर आला की सगळं वजन एकदम नांगीवर येतं, उजेड दिसतो, माणूस दिसतो. मग तो पटकन खाणं सोडतो आणि बुडुक! म्हणून तो पाण्याबाहेर यायच्या आधीच त्याच्या खाली हातजाळं न्यायचं.

त्या दिवशी पहिले दोन खेकडे असेच निसटले. पुढचे तीन जाळ्यात आले. आबांनी ते ओल्या गोणपाटात ठेवले. बादलीभर पाण्यात का नाही? तर साचलेल्या पाण्यातला प्राणवायू थोड्या वेळात संपतो आणि खेकडे गुदमरतात. कल्ले ओले राहिले तर मात्र हवेतही ते बराच वेळ जगतात. खेकडा उचलायचा तो नेहमी मागून, पाठीच्या कवचाला धरून. तिथे त्याची नांगी पोचत नाही. आणि समजा, बोट पकडलंच, तर हात झाडू नका. हात पाण्यात धरा, तो आपणहून सोडतो.

चौथ्या वेळी दोरी चांगलीच जड लागली. वर आला तो दिवसातला सगळ्यात मोठा खेकडा. पाठीवर पांढऱ्या कड्यांतले तीन तांबडे ठिपके आणि मागचे पाय वल्ह्यासारखे चपटे. नातू आनंदाने ओरडलाच. त्यांच्या घरी मुंबईचे पाहुणे आले होते आणि "आज मी कुर्ल्या आणतो" असं तो सकाळी सगळ्यांना सांगून आला होता. आबांनी खेकडा उलटा केला. नराच्या पोटाखालची झडप अरुंद, त्रिकोणी असते; मोठ्या मादीची रुंद आणि गोलसर. ही मादी होती आणि तिच्या झडपेखाली नारिंगी अंड्यांचा मोठा पुंजका होता.

"सोड हिला," आबा म्हणाले.

"आबा, एवढी मोठी! एकच तर आहे."

"पोरांसकट आय कोण शिजवतो काय रं? सोड."

नातवाचा चेहरा पडला. त्याने तिला हातात धरलं, एकदा गोणपाटाकडे बघितलं, एकदा आबांकडे. आबा काहीच बोलले नाहीत. मग तो पाण्याजवळ गेला आणि तिला हलकेच खाली सोडलं. वल्ह्यांसारखे पाय मारत ती तिरकी तिरकी निघून गेली.

त्या पुंजक्यात अंडी असतात ती लाखांनी! अंडी आधी नारिंगी असतात आणि पिल्लं बाहेर पडायची वेळ आली की काळपट होतात, कारण आतल्या पिल्लांचे डोळे दिसायला लागतात. ही पिल्लं सुरुवातीला खेकड्यासारखी दिसतच नाहीत. डोक्यावर काटा, मोठाले डोळे आणि शेपटी! ती पाण्यात तरंगत राहतात. बहुतेकांना मासे गट्ट करतात आणि अगदी थोडी कात टाकत टाकत मोठी होतात. म्हणून अंडीवाली मादी आणि तळहाताहून लहान खेकडा सोडून द्यायचा, हा आबांचा नियम.

एव्हाना चार वाजून गेले होते. खेकडे आता पटापट यायला लागले होते. तेवढ्यात आबा उठले आणि दोरी गुंडाळायला लागले. "आणखी एकच, आबा!" नातू म्हणाला. आबांनी मागे बोट दाखवलं. येताना आम्ही ज्या कोरड्या घळीतून चालत आलो होतो, तिच्यात पाणी शिरत होतं. आम्ही पलीकडे गेलो तेव्हा ते माझ्या गुडघ्यापर्यंत आलं होतं. आणखी अर्धा तास थांबलो असतो तर?

मघाशी म्हटलं तो धोका हाच. खेकड्यांची चांगली वेळ चढत्या पाण्याची असते आणि चढतं पाणी पुढून दिसतं तसंच ते गुपचूप मागूनही येतं. आपलं लक्ष दोरीकडे! मोठ्या भरती-ओहोटीत इथे पाणी सुमारे दोन मीटर चढतं-उतरतं. म्हणून मोठ्या माणसाशिवाय खडकावर जायचं नाही. शेवाळ फार निसरडं असतं, पायात चांगली पकड असलेले बूट हवेत. परतीच्या वाटेवर एखादा दगड खुणेला धरायचा आणि पाणी त्याला लागलं की उठायचं, मग दोरीला खेकडा असो वा नसो. पावसाळ्यात तर खडकाकडे फिरकायचंसुद्धा नाही. तेव्हा मोठमोठ्या यांत्रिक होड्याही बंदरात बांधलेल्या असतात.

हा खेळ फक्त आपल्याकडचाच आहे असं समजू नका. इंग्लंडमध्ये समुद्रकाठची मुलं धक्क्यावर बसून दोरीला मांसाचा तुकडा बांधून खेकडे धरतात आणि बघून झाले की परत सोडतात. तिथल्या वॉल्बर्सविक नावाच्या छोट्या गावात १९८१ पासून कित्येक वर्षं याची स्पर्धाच भरायची. सगळ्यात वजनदार खेकडा धरेल तो विजेता!

रत्नागिरीला गेलात तर झाडगावातल्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालयही बघा. दोरीच्या टोकाला जे क्षणभरच दिसतं, ते तिथे निवांत बघता येतं.

आणि रत्नागिरी लांब असेल तर? निदान भिंतीवरचं कॅलेंडर तरी जवळच आहे! आजची तिथी बघा, पाऊणपट करा आणि सांगा पाहू, भाट्याच्या खडकावर आज पाणी कधी चढायला लागेल?