गळाला लागलेला रविवार

रविवार, सकाळचे साडेसहा. डेक्कनला नाश्त्याला जायचं की परत पांघरुणात शिरायचं, एवढाच काय तो आपला वीकएंडचा प्रश्न. त्या रविवारी मात्र मी कर्वेनगरच्या बाजूने, राजाराम पुलाजवळ नदीकाठी उतरले. या पुलावरून सात वर्षं गाडी चालवतेय, पण मुठा बघितली ती नाकाला रुमाल लावून. आपलं कर्वेनगर म्हणजे मूळचं हिंगणे बुद्रुक, याच नदीच्या काठचं गाव. पण ते लक्षात कुणाच्या राहतंय?

काठावर एक काका गळ घेऊन बसले होते. मी शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, ‘मलाही शिकवा ना.’ काका हसले. ‘मासा नंतर. आधी पाणी किती खोल आहे ते शोध.’

सामान अगदी साधं. बांबूची काठी, तंगूस, छोटा गळ, शिशाचा मणी आणि मोरपिसाच्या दांड्याचा बोटभर तुकडा. हाच फ्लोट! तो तंगुसावर बसवायला सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे दोन तुकडे. म्हणजे हवा तसा वर-खाली सरकतो.

गळाच्या नेढ्यातून तंगूस ओवायचा, त्याच्याच भोवती पाच-सहा वेढे द्यायचे आणि टोक गळाजवळच्या फटीतून मागे घ्यायचं. आवळण्याआधी गाठ ओली करायची, कारण कोरडा तंगूस घासून कमकुवत होतो आणि ऐनवेळी तिथेच तुटतो. गळाच्या वीतभर वर शिसं. ते मी दातांनी दाबायला गेले, तर काका ओरडलेच, ‘अगं, विष आहे ते! पक्कड घे.’

मग आमिष न लावताच गळ पाण्यात. फ्लोट आडवा पडला. याचा अर्थ शिसं तळाला टेकलंय, फ्लोट गळाकडे सरकवा. तीनदा सरकवल्यावर तो ताठ उभा राहिला, फक्त पेरभर टोक पाण्याबाहेर. जास्त बाहेर राहिला, तर आमिष ओढताना माशाला ओढ जाणवते आणि तो सोडून देतो. मी फ्लोटपासून गळापर्यंतचं अंतर अंगाला लावून पाहिलं. जेमतेम कमरेएवढं! सात वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या नदीची खोली कळली.

कणकेची गोळी लावली. फ्लोट थरथरला, मी झटका दिला, गळ रिकामा. ‘चिलापी आहे. आधी नुसती चाखते. फ्लोट तिरका होऊन खाली जाईपर्यंत थांब.’ दिवसभर मेल आला की लगेच रिप्लाय करणाऱ्या मला हे थांबणं फारच जड गेलं. पण तिसऱ्यांदा जमलं. तळहाताएवढी चिलापी!

ए. जी. एल. फ्रेझर यांनी १९४२ मध्ये पुण्यातल्या माशांवर लिहिलं, तेव्हा त्यात ही असणं शक्यच नव्हतं. हा आफ्रिकेचा मासा भारतात आणला गेला १९५२ मध्ये. आज मुठेच्या घाण पाण्यात टिकून आहे तो हाच पाहुणा.

‘घरी नेता?’ मी विचारलं. काकांनी गळ अलगद सोडवून मासा पाण्यात सोडला. ‘पूर्वी न्यायचो. हिची आई कालवण करायची. आता या पाण्यातलं पोरांना कसं घालणार? पण रविवारी इथे आल्याशिवाय करमत नाही.’

सोमवारी पुलावरून जाताना रुमाल नाकाला लावलाच. पण नजर मात्र खाली, फ्लोट शोधत होती.

जायचंय? मग हे लक्षात ठेवा

पावसाळ्यात नदीत उतरूच नका. खडकवासल्यातून पाणी सोडलं की पातळी झपाट्याने वाढते. २५ जुलै २०२४ ला समोरच्या काठावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं होतं. इथला मासा खाऊ नका. धरणावर जाणार असाल, तर आधी परवानगीची चौकशी करा. आणि तंगुसाचे तुकडे काठावर टाकू नका, पक्ष्यांच्या पायात अडकतात.