पगाराचा आकडा

आमचे बाबा जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत फिटर होते. 1904 सालचा हा कारखाना, वेतन आयोगाच्या श्रेण्या, त्यामुळे रांझीत कुणाचा पगार किती हे सगळ्यांनाच ठाऊक असे. आयोग लागू झाला की ओट्याओट्यावर फिक्सेशन, एरियर आणि डीएच्या गप्पा. एकदा बाबांचं फिक्सेशन चुकलं. शेजारच्या काकांच्या स्लिपशी ताडून पाहिल्यावर ते लक्षात आलं आणि युनियनमार्फत दुरुस्तही झालं.

मी नेपियर टाउनमधल्या एका खासगी कंपनीत अकाउंट्सला लागले. नेमणूकपत्रात लिहिलं होतं, पगार सहकाऱ्यांना सांगितल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल. नोकरीची गरज होती, सही केली. पुढे एक मुलगा आला. त्याला काम मीच शिकवलं. डबा खाताना त्यानं सहज पगार सांगितला. माझ्यापेक्षा पाच हजारांनी जास्त! मी साहेबांकडे गेले. फरक का, याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. आकडा कुणी फोडला, एवढंच विचारत राहिले. मी नाव सांगितलं नाही, तर मलाच इशारापत्र मिळालं.

इथे हायकोर्टाचं मुख्य पीठ असल्यानं ओळखीत वकील सापडतोच. आमच्या वकीलकाकांनी समजावलं की स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतनाचा कायदा 1976 पासून आहे, आता ती तरतूद 2019 च्या वेतन संहितेत आली आहे. पण दाद मागायची तर आकडे हातात हवेत. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झीतल्या लघुलेखिका ऑड्री डिकॉस्टा 1987 मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकल्या. तिथे पगाराच्या श्रेण्या कंपनी आणि युनियनच्या करारातच नोंदलेल्या होत्या. आमच्याकडे तोच कागद दडवून ठेवतात. म्हणजे हक्क कायद्यात आहे आणि तो वापरायची वाट नेमणूकपत्रानं बंद केली आहे. याचा मला फार संताप येतो.

सरकारी कार्यालयांनी कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन स्वतःहून जाहीर करावं, असं माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 सांगतं. अमेरिकेत 1935 च्या कायद्यानं बहुतेक खासगी कामगारांना आपसांत पगाराबद्दल बोलायची मुभा आहे. आपल्या कामगार कायद्यांत तसं स्पष्ट कलम नाही. ते यायला हवं.

मी इशारापत्राला लेखी उत्तर दिलं: कंपनीचे हिशेब मी जपते, पण माझा पगार हे कंपनीचं गुपित नाही. पुढच्या वेतनवाढीत थोडा फरक भरून निघाला, उरलेल्याची मागणी लेखी चालू आहे. तुम्हीही दर महिन्याला पगारपत्रक मागून घ्या, जपून ठेवा आणि शेजारच्या टेबलावरच्या ताईला आपला आकडा सांगा.