घास घेतो आणि टाकतो

सदाशिव पेठेतल्या आमच्या शाकाहारी घरात मासा शिरला तो काचेच्या पेटीतून. परीक्षेत चांगले गुण मिळवल्याबद्दल चिरंजीवांनी ती आमच्याकडून वसूल केली. महिन्याभरात त्यांचा उत्साह ओसरला आणि पाणी बदलण्याचे काम मराठीच्या प्राध्यापकाकडे आले.

आई मात्र त्या पेटीसमोर खुर्ची टाकून बसू लागली. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तळ्यातून नळ घालून आणलेले पाणी पेठेतल्या हौदांत येत असे. आईला असा वाड्यातला हौद अजून आठवतो. आता वाडा नाही, हौद नाही. तिसऱ्या मजल्यावर ही दोन फुटांची पेटी आहे.

पेटीत चार एंजल मासे, उभ्या धरलेल्या शंकरपाळ्यासारखे. पावसाळ्याच्या अखेरीस त्यातला एक वाळू लागला. पोट खपाटीला गेले, पाठ सुरीच्या धारेसारखी झाली. कोणी म्हणाले, खाणे वाढवा. वाढवले, तर उरलेले कुजून पाणी गढूळ झाले. मग मी सगळे पाणी ओतून पेटी लखलखीत घासली आणि नळाचे ताजे पाणी भरले. स्वच्छतेचा तो अतिरेक भोवला. कुजल्या अन्नातून आणि माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू वाळूत नि गाळणीत वस्ती करून असतात. मी त्यांचीच हकालपट्टी केली होती. शिवाय नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशांचे कल्ले पोळते. चारही मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, तेव्हा मी पुस्तके उघडली.

वाळणे हा एक रोग नव्हे, हे तिथे कळले. कधी एखादा दांडगा मासा दुबळ्याला खाण्याजवळ फिरकू देत नाही. कधी आतड्यात जंत असतात. कधी क्षयाच्या जंतूंच्या कुळातला जंतू असतो. त्यावर खात्रीचा इलाज नाही, आणि हाताला जखम असेल तर तो माणसालाही बाधतो. तेव्हा औषधाआधी निरीक्षण हवे : मासा खाण्याकडे येतो का, खातो का, आणि विष्ठा कशी पडते.

मी चष्मा लावून बसलो. मासा खाण्यावर धावून आला. "खातो तर आहे!" मी म्हणालो.

"खात नाही रे तो," आई म्हणाली. "घास घेतो आणि टाकतो. नीट बघ."

पाहिले, तर खरेच! क्षणभर तोंडात धरलेला कण तो बाहेर सोडी आणि दुसरे तो मटकावीत. विष्ठाही पांढऱ्या दोऱ्यासारखी होती. आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींची ही लक्षणे. एका जाणकाराच्या सल्ल्याने त्याला वेगळ्या भांड्यात ठेवले आणि मेट्रोनिडाझोल दिले. माणसाला आव झाली तर देतात तेच औषध. तीन आठवड्यांत पोट भरून आले.

पण मला झोप येईना. आईला हे इतके बारीक दिसले कसे? त्याच पावसाळ्यात तीही वाळली होती. बांगड्या कोपरापर्यंत सरकत. रक्ताच्या तपासण्या निर्दोष निघाल्या होत्या, शक्तिवर्धकाची बाटली आणली होती, आणि "आता वय झालं" असे म्हणून आम्ही मोकळे झालो होतो.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारी जेवायला बसलो. तिने पोळीचा घास घेतला, जरा चघळला आणि हळूच वाटीआड ठेवला.

"आई, कवळी लागते का गं?"

"हिरड्या आक्रसल्या, आता ती सैल झालीय. टोचते. नव्या कवळीला केवढा खर्च! मऊ भात जातो की."

"मग सांगायचं नाहीस?"

"तू पेपर तपासत असतोस."

माशाला वाचा नाही म्हणून मी रोज त्याच्यासमोर बसत होतो. आईला वाचा आहे, एवढ्या भरवशावर तिच्यासमोर कधी बसलोच नव्हतो.

नवी कवळी आली. परवा चकल्यांच्या पहिल्या घाण्यातली एक आईने पेटीसमोर बसून खाल्ली. तिचा कुरकुर आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. मग तिची हाक आली,

"अरे, तो दुसरा बघ. कालपासून मागे मागे राहतोय."