भिंतीची बाहेरची बाजू

आमच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकून एक पानठेला आहे. खाली नाली, नालीवर फरशी, फरशीवर ठेला आणि ठेल्यावर सकाळी सातपासून राज्यकारभार. मी तिकडे जात नाही. इकडे मोगऱ्याला पाणी घालता घालता सगळं ऐकू येतं. गेल्या पंधरवड्यात तिथं एकच विषय चालू आहे, घरटॅक्स.

"टॅक्स म्या भराचा अन् भितीवर फोटो त्याचा?" परवा एक जण तावातावानं म्हणाला. त्याच्या नव्या रंगाच्या भिंतीवर रातोरात कुण्या भाऊंच्या वाढदिवसाचं पोस्टर चिकटलं होतं. त्यावर दुसरा शांतपणे म्हणाला, "तुह्या गिट्टीचा ढीग दिवाळीपासून रोडवर हाय. त्याचा टॅक्स कोन भरते?" तिसरा लोहाऱ्याकडचा. हद्दवाढीत लोहारा, वडगाव, वाघापूर, उमरसरा ही भोवतालची गावं यवतमाळ शहरात आली, तेव्हापासून त्याचं एकच पालुपद: ग्रामपंचायतीतच बरे होतो. अतिक्रमणाचा विषय निघाला तसा ठेलेवाला खर्रा घोटता घोटता थांबला. "मले हटवा म्हणता, मंग लेकराइले काय नालीतलं पानी पाजू?" यावर सगळे गप्प. त्याच्या फरशीवर उभं राहूनच सगळे बोलत होते ना!

माझे वडील कारकून होते, त्यामुळे कागद शेवटपर्यंत वाचायची खोड मला आहे. घरटॅक्सच्या आकारणीची जुनी रीत मोठी मजेशीर. तुम्ही घरात स्वतः राहता, पण ते भाड्यानं दिलं असतं तर वर्षाला काय आलं असतं, याचा अंदाज धरायचा. त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे आणि उरलेल्यावर कर. म्हणजे आपण आपल्याच घरात एका न आलेल्या भाडेकरूच्या नावानं पैसे भरतो. मागोमाग शिक्षण कर, वृक्ष कर अशी पिलावळ. पाणीपट्टी वेगळी, ती जीवन प्राधिकरणाची. चार वर्षांनी फेरआकारणी, मग हरकती, मग सुनावणी. थकलं तर महिन्याला दोन टक्के शास्ती. हे सगळं ज्या कायद्यानं चालतं तो नगरपरिषदांचा कायदा 1965 चा, आपल्याच पुसदच्या वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीतला. मुख्यमंत्री होण्याच्या कितीतरी आधी ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष होते. घरटॅक्सवर चिडलेला माणूस दारात उभा राहिला की काय बोलतो, हे त्यांनी पुरेसं ऐकलं असणार.

आकारणीचा कागद मी पुन्हा पुन्हा वाचला. त्यात खोल्या आहेत, छत आहे, वापर आहे. भिंतीची रस्त्याकडची बाजू मात्र कुठेच नाही. आणि भांडण तर सगळं त्याच बाजूचं! पोस्टर लागलं की ती बाजू आपली, पिचकारी धुवायची वेळ आली की नगरपरिषदेची.

कायदे आहेत. मालमत्तेचं विद्रूपण रोखणारा राज्याचा कायदा 1995 पासून आहे; तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड. जानेवारी 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बेकायदा फलक काढायला राज्यभरातल्या पालिकांना बजावलं. निवडणूक जाहीर झाली की चोवीस तासांत सरकारी भिंती कशा लख्ख होतात, हेही आपण पाहतो. मात्र 2022 पासून जवळजवळ चार वर्षं बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते. भांडायला नगरसेवक नव्हता आणि चौकाचौकात 'भावी नगरसेवक' मात्र हात जोडून उभे होते.

पण मी फार तोंड वर करून बोलू नये. माझ्या लहानपणी आमची भिंत वडिलांनी स्वतःच देऊन टाकली होती. मे महिना होता, पेरणीच्या आधीचा. सायकलला डबे लटकवून एक पेंटर आला. एका बियाणं कंपनीची जाहिरात रंगवायची होती. भाडं नाही, बदल्यात आतून-बाहेरून चुना मारून देतो म्हणाला. वडिलांना सौदा फायद्याचा वाटला. त्यानं दोन दिवसांत कपाशीचं एक बोंड काढलं, कोहळ्याएवढं, चार पाकळ्या उलगडून पांढरं शुभ्र फुटलेलं. पुढं कितीतरी वर्षं आमचा पत्ता 'बोंडवाली भिंत' असाच होता. पोस्टमन तेच म्हणायचा, सोयरे तेच विचारत यायचे. ते विद्रूपण होतं का? मला अजून सांगता येत नाही. शेजारच्या जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्या त्या बोंडासमोरून जायच्या आणि गाड्यांतल्या कापसाची बोंडं अर्थातच त्याच्या निम्म्यानंही नसायची.

हे गमतीनं सांगावं अशी सोय 2017 नंतर उरली नाही. त्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या दिवसांत पांढरकवडा रोडनं जाताना मी भिंती वाचत होते. औषधांची नावं हातभर अक्षरांत होती. हातमोजे घाला, तोंड बांधा, वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका, हे त्या मापाच्या अक्षरांत मला एकाही भिंतीवर दिसलं नाही. वाढदिवसाच्या पोस्टरवर आपण किती चिडतो!

आणि दुर्गोत्सवात? नऊ दिवस अर्धे रस्ते कमानींखाली, खांबांसाठी पडलेले खड्डे पुढच्या पावसाळ्यापर्यंत. त्यावर ठेल्यावर कुणी बोलत नाही, मीही नाही. मीसुद्धा लुगडं नेसून रोषणाई बघायला जातेच.

या दिवाळीला भिंत रंगवून घेतली, फिकट पिवळी. आठवडा बरा गेला. मग खालच्या कोपऱ्यात कोळशाचे तीन स्टंप उमटले; ते मी पुसले नाहीत. मग खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या सुरू झाल्या, त्या ठेलेवाल्यालाच सहन होईनात. त्याच्याच गिऱ्हाइकांच्या असल्या तरी भिंतीला त्याची पाठ टेकते. काल सकाळी पाहते तर तो गेरूचा डबा आणि दातून चावून केलेला कुंचला घेऊन भिंतीसमोर उभा. मला विचारलं नव्हतं. 'येथे थुकू नये' अशी तीन शब्दांची ओळ अगदी सरळ रेषेत लिहून झाली होती.

मी फाटकाशी आलेली पाहून तो ओशाळला.

"ताई, तुमी मास्तरीन होत्या ना? बरोबर हाय काय पाहा बरं."

म्हटलं, अनुस्वार राहिला.

त्यानं कुंचला माझ्यापुढे धरला. पहाटेचं कुणी नव्हतं रस्त्यावर. मी पदर खोचला आणि 'थु'च्या डोक्यावर टिंब दिलं.