मोहाचा घोट : खानदेशातील एक रसास्वाद

जळगावाहून धुळ्यास जाणारा रस्ता एरंडोल व पारोळे ही गावे मागे टाकीत जातो. खानदेश म्हटले की वाचकांस वांग्याचे भरीत, केळी व शेवेची भाजी आठवते. या खेपेस आम्ही मात्र एका अशा पेयाच्या चौकशीस निघालो होतो, की ज्याचे नाव आपल्यासारख्यांच्या माजघरात सहसा निघत नाही.

धुळ्यास मुंबई-आग्रा मार्ग लागला. तापी ओलांडून शिरपुरास मुक्काम केला आणि दुसरे दिवशी अंधार असतानाच पळासनेरच्या बाजूस निघालो. चैत्राचे दिवस होते. मोहाची फुले रात्री उशिरा व पहाटे गळतात. झाडाखालची जागा आधीच झाडून ठेवलेली असते आणि पावरा बायका व मुले टोपल्या घेऊन उजाडण्यापूर्वीच हजर असतात. फूल फिकट पिवळसर, मांसल व रसाने टंच भरलेले असते. एका म्हातारीने मूठभर पुढे केली. मध घातलेल्या पेरूची आठवण व्हावी अशी गोडी. तिच्यामागे मात्र कस्तुरीसारखा एक जड दर्प आला व तो बराच वेळ जिभेवर राहिला.

ही परीक्षा करण्याची पद्धत आम्ही शिकलो ती पुण्यास, आणि तीही पुतण्याकडून! पुण्यात २००९ साली डूलाली या संस्थेने छोट्या प्रमाणावर बिअर तयार करून तेथेच विकण्याचा पायंडा पाडला. पुढे अशी गृहे बरीच झाली. तेथे पुतण्याने तांबडी ‘एल’ पुढे ठेवली आणि म्हणाला, “काका, आधी रंग पाहा, मग वास घ्या, मग घोट, आणि गिळल्यावर काय उरते तेही सांगा.” रंग डाळिंबाच्या सालीचा. तो जवाला मोड आणून भाजल्यामुळे येतो. साखरही त्या जवातलीच. हॉप्स नावाच्या वेलीची फुले मात्र गोडीसाठी नव्हे, तर कडवटपणासाठी व वासासाठी घालतात. पहिल्या घोटास भाजक्या साखरेची चव, लगेच कारल्याच्या जवळपासचा कडूपणा, शेवटी संत्र्याच्या सालीचा गंध. मद्यपान आमच्या घराण्यात नाही, आणि हे पेय आम्हांस आवडले असेही नाही; पण बेत नीट बांधलेला होता, हे मान्य करावयास हवे.

मोहाचे गणित उलटे आहे. येथे फूलच साखर पुरविते. वाळून मनुकांसारखी झालेली फुले काही दिवस पाण्यात भिजत घालून आंबवितात, मग मडक्यावर मडके चढवून वाफ थंड करून गाळतात. एलमध्ये गाळणे नाही, म्हणून ती सौम्य. मोहाची दारू त्याच्या कित्येक पट जहाल. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली घरी गाळणे गुन्हा आहे, तेव्हा चव घेण्यासाठी आम्ही बिजासन घाट चढून मध्य प्रदेशात सेंधव्यास गेलो. त्या राज्याने २०२२ च्या अबकारी धोरणात मोहाच्या मद्यास वारसा म्हणून स्थान दिले. आलिराजपूर व दिंडोरी येथे आदिवासींचे गट ते तयार करतात. एका स्नेह्यांनी सीलबंद बाटली आणून ठेवली होती.

रंग नाही, पाण्यासारखे स्वच्छ. वास मात्र पहाटेच्या त्या झाडाचाच, वर थोडा धुराचा स्पर्श. जिभेला प्रथम कोमट गोडी, मग घशात आग. शेवट तुरट व ओबडधोबड. गंधात हे पेय एलला मागे टाकते, शेवटात हरते. आमचा निकाल असा : बेताच्या बांधणीत एल, वासात मोह.

पण केवळ जिभेने हा निवाडा पुरा होत नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती गाळणे सरकारी ताब्यात गेले आणि मक्तेदाराचा गुत्ता आला. ज्या देवकार्यात व लग्नात घरचे पेय लागे, तेथे विकतचे आले आणि त्यासोबत सावकारही. शहाद्या-तळोद्याकडचे गुलाम महाराज १९३८ साली ‘आप’ म्हणून सर्वांस अभिवादन करीत व दारू सोडावयास सांगत, तेव्हा भिल्ल-पावऱ्यांचे थवे मोरवडास लोटले ते उगाच नव्हे. तेव्हा पुण्यातील काचेच्या पेल्यास ‘रसिकता’ म्हणावयाचे आणि सातपुड्यातील मडक्यास ‘व्यसन’, हा भेद आम्हांस पटत नाही. तसेच मडक्याने संसार बुडतच नाहीत, हेही म्हणवत नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली मोहफुलांच्या संकलनावरील व साठवणीवरील निर्बंध उठविले, तेव्हा आता टोपलीभर फुले घरात ठेवणे गुन्हा राहिलेला नाही. म्हातारीकडून आम्ही दोन शेर वाळलेली फुले रीतसर विकत घेतली. बाटली सेंधव्यासच राहिली. घरी सौभाग्यवतींनी फुले नीट निवडून, धुऊन दुधात शिजविली. मुलांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. मातोश्रींनी चमचा तोंडात घालून विचारले, “या मनुका कुठल्या रे?” आम्ही शिरपूरच्या म्हणून सांगितले.