पायाखालचं लोखंड

हल्ली भेटेल त्याला मी एकच गोष्ट करायला सांगतो. ट्रेकिंगचं साधं होकायंत्र घ्या, घराच्या गच्चीवर जा, ते फरशीवर टेकवा आणि हळूहळू पुढे सरकवत न्या. आमच्या गच्चीवर सुई आधी सरळ उत्तरेला होती. वीतभर सरकवल्यावर ती पाण्याच्या टाकीकडे वळली. आणखी वीतभर पुढे गेल्यावर जिन्याकडे! गच्ची तीच, मी तोच, आणि उत्तर मात्र दर वितीला नवी. तेच होकायंत्र उचलून छातीच्या उंचीवर धरलं की सुई पुन्हा ठिकाणावर. खाली वाकलो की बिघडते, उभा राहिलो की सुधारते. दुपारच्या उन्हात मी गच्चीभर रांगत होतो आणि उठवत नव्हतं.

हे वेड लावलं माझ्या पुतण्याने. त्याने सुटे भाग जोडून चार पंख्यांचा छोटा ड्रोन बनवला आहे. साताऱ्याकडे आमच्या गावी तो उडवायला आला. आमचा भाग ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावर हिरव्या, म्हणजे उडवायला मोकळीक असलेल्या, पट्ट्यात येतो हे त्याने आधी तपासलं, आणि मग ड्रोन काखेत धरून जागा शोधत हिंडायला लागला. मी म्हटलं, "अरे, एवढी मोकळी गच्ची आहे, इथूनच उडव की." तर म्हणाला, "काका, स्लॅबमध्ये सळ्या आहेत. कंपास फसतो." काँक्रीटच्या पोटात गाडलेल्या सळ्या, आणि त्या वर ठेवलेल्या यंत्राला फसवतात? मला पटेना. त्याने काही न बोलता होकायंत्र माझ्या हातात दिलं.

मग त्याने माझ्या फोनवर फिफॉक्स नावाचं ॲप टाकून दिलं. जर्मनीतल्या आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात ते तयार झालं आहे आणि फुकट मिळतं. फोनमधला चुंबकमापक जे वाचतो ते ते मायक्रोटेस्लामध्ये दाखवतं. आपल्या भागात पृथ्वीचं चुंबकी क्षेत्र साधारण ४३ मायक्रोटेस्ला आहे. शेतात, मोकळ्या मातीवर उभं राहिलं की आकडा त्याच्या आसपास स्थिर राहतो. गच्चीच्या फरशीलगत फोन फिरवला तर एका जागी तो तिशीच्या खाली गेला आणि दुसऱ्या जागी साठीच्या वर. मी आकड्यांवर नजर ठेवून खडूने खुणा करत गेलो, आणि कुठून सळी जाते, कुठे तुळई आहे, याचा अंदाज यायला लागला. इतकी वर्षं ज्या स्लॅबवर पापड वाळवले, त्याचा सांगाडा मला फोनच्या पडद्यावर दिसत होता!

पण ड्रोनला याचं काय? जीपीएस असताना त्याला होकायंत्र कशाला हवं? मलाही हाच प्रश्न पडला होता, आणि याचं उत्तर कळलं तेव्हा मी खरोखर उडालो. जीपीएस ड्रोनला तो कुठे आहे हे सांगतं. त्याचं तोंड कुठे आहे हे सांगत नाही. एका जागी तरंगणाऱ्या ड्रोनला जीपीएसवरून पूर्व कुठली, पश्चिम कुठली, हे कळायचा मार्ग नसतो. ते काम एका इवल्याशा चिपचं. अशा बऱ्याच चिपांमध्ये तीन दिशांना लावलेले धातूचे अतिपातळ थर असतात, आणि चुंबकी क्षेत्र बदललं की त्यांचा विद्युतरोध किंचित बदलतो. त्या किंचित फरकावरून फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे ड्रोनवरचा छोटा संगणक, दिशा काढतो.

आता ही दिशा चुकली असं समजा. वाऱ्याने ड्रोनला अर्धा मीटर पूर्वेला ढकललं. जीपीएस म्हणतं, पश्चिमेला परत ये. ड्रोन निघतो, पण तो ज्याला पश्चिम समजतोय ती नैर्ऋत्य आहे. तो भलतीकडे पोचतो, पुन्हा दुरुस्ती करतो, पुन्हा थोडा तिरका जातो, आणि बघता बघता गोल गोल घिरट्या घालायला लागतो. घिरट्या रुंदावत जातात. जगभरचे ड्रोनवाले याला 'टॉयलेट बाउल' म्हणतात. आणि दिशेतली चूक ९० अंशांच्या पुढे गेली तर प्रत्येक दुरुस्ती ड्रोनला आणखी लांब नेते. यंत्र प्रामाणिकपणे परत यायचा प्रयत्न करत असतं आणि त्या प्रयत्नातच ते निघून जातं.

यात सगळ्यात नाजूक क्षण उड्डाणाचा. ड्रोन चालू केला की तो जमिनीवर बसल्या बसल्या कंपास वाचतो आणि आपलं तोंड कुठे आहे ते ठरवतो. त्यानंतरच्या वळणांचा हिशेब जायरोस्कोप ठेवतो. सुरुवातच सळीवर बसून झाली तर पुढचा सगळा हिशेब चुकीच्या आकड्यावर उभा राहतो. मग ड्रोन दोन मीटर वर जातो, सळी मागे पडते, कंपास एकदम खरं बोलायला लागतो, आणि जायरो व कंपास यांचं जुळेनासं होतं. ड्रोन चालवणारं अर्डुपायलट हे खुलं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना हे इतकं ठाऊक आहे की त्यांनी यासाठी खास सोय केली. ड्रोन वर गेल्यावर तफावत दिसली तर ते दिशा नव्याने जुळवतं आणि पडद्यावर संदेश देतं: 'ग्राउंड मॅग ॲनॉमली, यॉ री-अलाइन्ड'. जमिनीत चुंबकी गडबड होती, दिशा पुन्हा बसवली. हा संदेश मी पहिल्यांदा वाचला तेव्हा टाळी वाजवली. आपल्या पायाखालच्या जमिनीबद्दल आकाशातून आलेला तो निरोप आहे!

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. कंपासचा इशारा आला की बहुतेक जण पहिल्यांदा कॅलिब्रेशन करतात. ड्रोन हातात धरून आडवा फिरवायचा, मग उभा फिरवायचा, की झालं, असं वाटतं. पण कॅलिब्रेशन नक्की काय करतं? यंत्र सगळ्या बाजूंनी फिरवलं की कंपासने वाचलेले बिंदू एका गोलावर पडायला हवेत. ड्रोनच्या स्वतःच्या अंगावर लोखंड किंवा चुंबक असेल तर तो गोल एका बाजूला सरकतो किंवा अंड्यासारखा लांबट होतो. सॉफ्टवेअर ते ओळखतं, गोल पुन्हा मध्यावर आणून वाटोळा करतं. म्हणजे कॅलिब्रेशन फक्त त्या लोखंडाचा हिशेब करतं जे ड्रोनबरोबर फिरतं. त्याचे स्क्रू, त्याची बॅटरी, त्याच्या मोटरी. जमिनीतली सळी ड्रोनबरोबर फिरत नाही! ती तिथेच राहते. सळीजवळ उभं राहून कॅलिब्रेशन केलं तर ड्रोन त्या सळीला स्वतःचा अवयव समजून बसतो आणि मोकळ्या आकाशात, जिथे सळी नाहीच, तिथे तिची वजाबाकी करत राहतो. चांगला कंपास बिघडवण्याची याहून खात्रीची रीत नाही.

हे गणित जुनं आहे, आणि ते जहाजांसाठी जन्मलं. इंग्रज दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्स १८०१ ते १८०३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा किनारा मापत असताना जहाजावरच्या लोखंडाने होकायंत्र कसं ढळतं हे त्याने बारकाईने नोंदवलं. पुढे लोखंडी जहाजं आली. १८३८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी याने 'रेनबो' या लोखंडी जहाजावर चुंबक बसवून होकायंत्र ताळ्यावर आणलं. आज पुतण्याच्या हातातल्या ड्रोनमध्ये तोच हिशेब काही सेकंदांत होतो.

पण मला सगळ्यात मोठं घबाड सापडलं ते आपल्याच किनाऱ्यावर. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकी क्षेत्राची मोजणी सुरू झाली. गणिती केरूनाना छत्रे तरुणपणी याच वेधशाळेत काम करत होते. साठ वर्षं नोंदी झाल्या, आणि मग मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामचा वीजप्रवाह जमिनीतून झिरपणार आणि नोंदी नासणार! तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई मूस. त्यांनी काय केलं? वेधशाळाच उचलली. १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकी वेधशाळा सुरू झाली. पोरबंदरचा निवडून घेतलेला दगड, पितळ, तांबं असं सामान वापरून, लोखंड कटाक्षाने टाळून ती बांधली. १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली, म्हणजे जुन्या आणि नव्या नोंदींची साखळी तुटू नये. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली तोवर सगळं बिऱ्हाड पलीकडे सुखरूप पोचलं होतं. गडबड जागेत असेल तर यंत्राला दोष देऊ नका, जागा बदला. मूस यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जे केलं, तेच माझा पुतण्या ड्रोन काखेत धरून करत होता.

कुलाब्याच्या नोंदींनी मला आणखी एक माप दिलं. ड्रोनवाल्यांमध्ये सौर वादळांची भारी धास्ती असते. सप्टेंबर १८५९ मधलं वादळ इतिहासात सगळ्यात गाजलेलं, आणि त्या वेळी कुलाब्याला चुंबकी क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद आहे. म्हणजे १.६ मायक्रोटेस्ला. आमच्या गच्चीची फरशी त्याच्या दसपट गडबड रोज करते! सौर वादळाने जीपीएसला त्रास होतो हे खरं, त्यासाठी अंदाज जरूर बघावा. पण कंपासची काळजी करायची असेल तर आकाशाकडे नाही, पायाखाली बघावं.

पायाखाली म्हणजे नुसता स्लॅब नाही. गटाराचं ओतीव झाकण, विहिरीवरची लोखंडी जाळी, बोअरची केसिंग, शेतातली डीपी, पत्र्याची शेड, उसाची ट्रॉली, गाडीचं बॉनेट. बॉनेट सपाट आणि स्वच्छ दिसतं म्हणून लोक तिथून उडवतात, आणि ती सगळ्यात वाईट जागांपैकी एक. खिशातल्या किल्ल्या, चुंबकी कव्हरचा फोन, छोटा स्पीकर हेही ड्रोनच्या शेजारी नकोत. आणि सह्याद्री! आपला काळा कातळ लोखंडाचे चुंबकी कण पोटात घेऊन बसला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्या वेळचं पृथ्वीचं क्षेत्र त्या कणांत गोठलं, आणि त्यातला मोठा भाग अशा काळात गोठला जेव्हा पृथ्वीचे चुंबकी ध्रुव उलटे होते. उघड्या माथ्यावर जिथे विजा पडतात तिथले काही कातळ तर इतके चुंबकित होतात की जवळ नेलेली सुई गरकन फिरते. हे वाचल्यापासून मी डोंगरावर पाठीवरच्या पिशवीत होकायंत्र ठेवतोच, ड्रोन असो वा नसो.

ड्रोनचा स्वतःचा वीजप्रवाहही कमी नाही. एका सरळ तारेतून २० अँपियर वाहत असतील तर १० सेंटिमीटरवर तिचं क्षेत्र ४० मायक्रोटेस्ला भरतं, म्हणजे जवळपास पृथ्वीच्या बरोबरीचं. म्हणून हौशी ड्रोनवर जीपीएस आणि कंपास एका काडीवर उंच बसवतात, आणि बॅटरीच्या जाणाऱ्या-येणाऱ्या तारा एकमेकींना पीळ देऊन नेतात, म्हणजे दोघींची क्षेत्रं एकमेकांना खोडतात. ती काडी मला आधी नुसती शोभेची वाटली होती.

सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट अंतराची. छोट्या चुंबकाचा प्रभाव अंतराच्या घनाच्या प्रमाणात उतरतो. अंतर दुप्पट, प्रभाव आठवा हिस्सा. सळ्यांचं जाळं इतकं झटकन सोडत नाही, तरी हात-दोन हात उंचीने चित्र पालटतं. गच्चीशिवाय पर्याय नसेल तर प्लास्टिकचं उंच, पक्कं स्टूल घ्या, आणि त्यावर ठेवलेल्या ड्रोनची दिशा तपासूनच पुढे जा. ड्रोनखाली अंथरायचं कापडी पॅड धुळीपासून वाचवतं, लोखंडापासून नाही.

पुतण्याची परीक्षा मी आता पाठ केली आहे. पंखे काढलेले किंवा मोटरी पक्क्या बंद, ड्रोन फक्त चालू. जमिनीवर ठेवून पडद्यावरच्या नकाशात त्याचं टोक कुठे दाखवतंय ते बघायचं. मग टोक न वळवता तो सरळ कमरेच्या उंचीपर्यंत उचलायचा. दिशेचा आकडा जागचा हलला नाही, तर जागा चांगली. वर घेताना आकडा सरकला, तर त्या जमिनीत काहीतरी आहे. उड्डाणाआधी 'कंपासेस इनकन्सिस्टंट' असा नकार आला तर ड्रोनवरच्या दोन कंपासांपैकी आतला आणि बाहेरचा एकमेकांशी सहमत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. हा नकार सेटिंगमधून बंद करणारे लोक आहेत. कृपा करून त्यांच्यात जाऊ नका. उडणाऱ्या पात्यांच्या खाली कोणाचं तरी पोर खेळत असतं.

तेव्हा उडवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती. कंपासचा इशारा दिसला की त्याच जागी कॅलिब्रेशनचं बटण दाबू नका. ड्रोन बंद करा, उचला, वीस-तीस पावलं मोकळ्या मातीवर चालत जा आणि तिथे पुन्हा चालू करा. बहुतेक वेळा इशारा आपोआप जातो.